चौथा गठ्ठा

प्रिय ठमे,

पाकिटावरचं अक्षर पाहून तुझ्या मनात पहिलं काय आलं असेल, ते मी इथे बसून सांगू शकते. हिला आता काय हवंय? आठ वर्षं जिनं धड फोन उचलला नाही, ती एवढं जाडजूड पत्र पाठवते म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. तुझं चुकत नाही. तुझ्या जागी मीही हेच म्हटलं असतं, आणि वर पाकीट उजेडात धरून आत काय आहे ते बघितलं असतं. तर आधीच सांगते, मला काही नकोय. बाबांच्या घराचा विषय नाही, कुठल्या कागदावर सही नको, कुणाकडे माझ्यासाठी शब्द टाकायचा नाही. फक्त शेवटपर्यंत वाच. मध्येच चिडून बाजूला ठेवलंस तर अर्धवट कळेल, आणि अर्धवट कळलेल्या गोष्टीनं आपल्या दोघींचं काय केलं, तेच तर सांगायला बसलेय.

आधी घरचं. तुझे भावजी बरे आहेत. दवाखाना अर्धाच दिवस उघडतात. लोकांचे दात पूर्वीसारखे किडत नाहीत अशी त्यांची तक्रार असते. डाव्या कानानं कमी ऐकू येतं म्हणतात. मी त्या बाजूला बसते म्हणूनच येत नसावं असं मला वाटलं, म्हणून एकदा परीक्षा घेतली. अगदी हळू आवाजात म्हटलं, कपाटात चॉकलेट ठेवलंय. लगेच उठले की! मी होते तशीच आहे, किंबहुना जास्तच. दुकानातून आणलेली साखर घरी पुन्हा तोलते. समोरच्यांनी दाराशी कॅमेरा बसवला, तर तो आपल्या खिडकीवर रोखलेला नाही ना, हे मी कोनमापक घेऊन मोजून आले. अकरा अंशांनी बाहेर होता. समोरच्या बाई तेव्हापासून माझ्याशी जरा जपून बोलतात.

घरात या स्वभावाचा सगळ्यांना जाच, पण कामाच्या ठिकाणी तोच गुण ठरला. आकडे गोळा करणारे दुसरे, त्यावर गणितं करणारे तिसरे, पण शेवटी कागद माझ्या टेबलावर यायचे आणि आमचे प्रमुख म्हणायचे, हिनं तपासलं ना, मग डोळे मिटून छापा. ते खरोखरच डोळे मिटायचे. माझं काम दुसरं कुणी तपासावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

आता जे लिहिते ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण पहिल्यापासून मांडल्याशिवाय माझ्या हातून पुढचं उतरायचं नाही, म्हणून सहन कर. विश्व सगळ्या बाजूंना सारखंच पसरतंय, हे आपल्या धंद्यात सगळेच धरून चालतात. कुठेही तोंड करून बघा, दूरच्या दीर्घिका त्याच हिशेबानं लांब जाताना दिसायला हव्यात. आम्ही काही हजार दीर्घिकांचे वेग मांडले, तर आकाशाच्या एका बाजूला तो किंचित जास्त दिसला. शंभराला जेमतेम एक. पण तो एक खरा असेल, तर विश्वाला एक खास दिशा आहे, एक कल आहे, आणि सगळ्यांची पाठ्यपुस्तकं पुन्हा लिहायला काढावी लागतील. ही गोष्ट जगात चौघांना ठाऊक होती आणि छापून येईपर्यंत पाचव्याला कळू द्यायची नाही असं ठरलं होतं. मी तर लॅपटॉप न्हाणीघरापर्यंत नेत असे.

नेमकं त्याच सुमाराला तुझ्या खोल्यांना रंग द्यायचा निघाला आणि तू सोळा दिवस आमच्याकडे राहायला आलीस. एका दुपारी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालताना तू मला तुझी भूमिती समजावलीस. चादरीची टोकं मला धरायला लावलीस. उभी ओढ म्हणालीस, ताणली नाही. आडवी ओढ, तरी नाही. मग तिरकी ओढायला लावलीस आणि ती हातभर लांबली. समज, अवकाशच असं विणलेलं असेल तर, असं तू विचारलंस. मग दोन ठिकाणांमधलं अंतर किती, हे आपण कुठल्या दिशेनं चाललोय त्यावरही ठरेल. चार वर्षं खपून तू त्या कल्पनेची समीकरणं उभी केली होतीस, आणि बोलताना तुझा चेहरा असा फुलला होता की मला तुझा हेवा वाटला. हो, हेवाच. कारण तुझ्या भूमितीला जो कल हवा होता तो दहा पावलांवर माझ्या लॅपटॉपमध्ये होता आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती. मी म्हणाले, छान आहे गं, पण पुरावा कुठाय? तू हसलीस आणि म्हणालीस, शोधते.

तू गेलीस आणि दीड महिन्यात तुझा शोधनिबंध आला. आमचा यायला अजून एकोणीस दिवस होते. दीर्घिकांची जी जुनी यादी सगळ्यांना खुली आहे, तिच्यावर तू आपली भूमिती लावून पाहिली होतीस आणि कल कुठल्या दिशेला आहे ते लिहिलं होतंस. मी तो आकडा आमच्या आकड्याशेजारी ठेवला. फरक एका अंशाचाही नव्हता. एवढ्या अफाट आकाशात तुझं बोट आणि माझं बोट एकाच ठिपक्यावर!

मग मी काय केलं? जे मला येतं तेच. मी त्या सोळा दिवसांची झडती घेतली. लॅपटॉप किती वेळा जेवणाच्या टेबलावर राहिला होता? दोनदा. पासवर्ड काय होता? बाबांच्या बोटीचा नंबर, जो तुलाही पाठ. माझ्या खुर्चीची उंची एकदा कमी झालेली मला आठवली, आणि तू माझ्यापेक्षा उंच असूनही ती कमी का करशील हा प्रश्न मी सोयीस्करपणे बाजूला ठेवला. एका सकाळी लॅपटॉपचा पडदा लख्ख पुसलेला होता. पडदा कोण पुसतं? बोटांचे ठसे घालवायचे असतील तोच! भावजी म्हणाले, अगं मी पुसला, मला दिसेल ते पुसायची सवय आहे. तर ते तुला पाठीशी घालताहेत असं मला वाटलं आणि आठवडाभर मी त्यांच्याशीही बोलले नाही. तुला मात्र मी एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर तू काहीतरी उत्तर दिलं असतंस, आणि ते पटलं असतं तर माझी पंचाईत झाली असती.

त्यानंतर तुझ्या संस्थेकडे निनावी पत्र गेलं. निबंधातला निष्कर्ष दुसऱ्या गटाच्या अप्रकाशित कामातून उचललेला आहे, तारखा पाहा, नातं पाहा, कुणाच्या घरी मुक्काम होता तेही पाहा. चौकशी पाच महिने चालली. तुझ्यावर काहीच सिद्ध झालं नाही. पण करार संपला तेव्हा त्यांनी तो पुढे वाढवला नाही, आणि दुसऱ्या कुठल्याही संस्थेनं तुला दारात उभं केलं नाही. संशय आहे म्हटल्यावर पुढचं कुणी वाचत नाही. आता तू नववीच्या मुलांना गणित शिकवतेस. कुणीतरी सांगितलं असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे मी शाळेच्या संकेतस्थळावर जाऊन तुझं वेळापत्रक बघते. मंगळवारी तुला सलग पाच तास असतात.

इकडे आमचा निबंध गाजला. मुलाखती झाल्या, पुरस्कार झाला, प्रमुख निवृत्त झाल्यावर त्यांची खुर्ची मला मिळाली. माझ्यामागे भिंतीवर आकाशाचा तो नकाशा, अर्धा नारिंगी, अर्धा निळा, आणि पुढे मी, शहाण्यासारखा चेहरा करून. पहिली तीन वर्षं वाढदिवसाला तुझं कार्ड यायचं. काय बिघडलं, ताई? एवढीच ओळ असायची. मी उत्तर दिलं नाही. चौथ्या वर्षी कार्ड आलं नाही तेव्हा मी पत्रांच्या पेटीत दोनदा हात घालून पाहिला, आणि बघा, चोराच्या मनात चांदणं, असंच स्वतःला सांगितलं.

गेल्या वर्षी एका नव्या गटानं आमच्या चौपट दीर्घिका मोजल्या आणि जाहीर केलं की कल बिल काही नाही, सगळीकडे सारखंच आहे. मी खवळले. यांना आमचं यश खुपतंय, यांचा कुणीतरी बोलविता धनी असणार, असं मी चारचौघांत बोलले. मग त्यांचे दात घशात घालायचे म्हणून मी आमचं सगळं काम पहिल्या आकड्यापासून पुन्हा करायला घेतलं. आमच्या दीर्घिका सात गठ्ठ्यांत होत्या. सहा गठ्ठे आमच्या दुर्बिणीचे. चौथा मात्र त्या जुन्या खुल्या यादीतला, कारण आकाशाचा तेवढा भाग आमच्या दुर्बिणीला दिसत नाही. एकेक गठ्ठा बाजूला काढून मी उरलेल्यांचं गणित करत गेले. पहिला काढला, कल जागच्या जागी. दुसरा, तिसरा, तसाच. चौथा काढला आणि कल गायब. सगळ्या दिशा सारख्या. मला कॉम्प्युटरचा संशय आला, तो बंद करून पुन्हा चालू केला. तरी तेच. भावजींच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर, लोकांच्या दाढांचे फोटो बाजूला सारून, तिसऱ्यांदा केलं. कल नव्हता तो नव्हताच.

तुला आठवतंय का, बाबा फेरीबोटीचे सारंग होते आणि सुटीच्या दिवशी आपल्याला सुकाणूशेजारच्या बाकावर बसवायचे? समोरून बोट आली की विचारायचे, किती वेगानं येतेय? आपण अंदाज ठोकायचो आणि ते डोक्यात टपली मारायचे. आधी आपली चाल काढून टाक आणि मग दुसऱ्याची सांग, असं म्हणायचे. तू सहा वर्षांची, मी अकराची. आकाशातही तेच करावं लागतं. पृथ्वी, सूर्य, आपली सगळी दीर्घिका मिळून एका बाजूला धावतेय, तेव्हा दूरच्या दीर्घिकेचा वेग लिहिण्याआधी आपली ही चाल वजा करायची. यादी वापरणारी बाकीची माणसं ती जशीच्या तशी उचलतात. वजाबाकी झालेली आहे असं यादीवर कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलेलं नाही ते झालेलं नाही असं मानणाऱ्या दोनच बाया या धंद्यात होत्या. दोघींनी आपापल्या हातानं ती पुन्हा केली. म्हणजे तुझ्या आणि माझ्या, दोघींच्याही कामात त्या एकाच गठ्ठ्यातून आपली चाल दोनदा काढली गेली, आणि जास्तीची वजाबाकी विश्वाचा कल बनून समोर उभी राहिली. आपल्या चालीची दिशा सगळ्यांना ठाऊक आहे, मग ओळखू कशी आली नाही? बरंचसं आकाश आपल्याच दीर्घिकेच्या धुळीनं झाकलेलं, गठ्ठाही एका कोपऱ्यातला, त्यामुळे उत्तर वीसेक अंश बाजूला सरकलं. तुझंही तेवढंच, माझंही तेवढंच. तू माझं काही घेतलं नव्हतंस, ठमे. आपण दोघी एकाच माणसाकडून वजाबाकी शिकलो होतो.

एवढं कळूनही मी यादी राखणाऱ्या बाईंवर संशय घ्यायला चुकले नाही. दोन गाड्या बदलून त्यांच्या तळघरातल्या कार्यालयात गेले आणि चौथ्या गठ्ठ्याचे मूळ कागद मागितले. खोक्याच्या तळाशी एक कार्ड होतं. या गठ्ठ्यात आपली चाल वजा केलेली आहे, अशी एक ओळ, खाली तारीख. यादी कॉम्प्युटरवर चढवताना ते कार्ड कुणी उतरवलंच नाही. मी भिंग काढलं. शाई जुनी आहे का, कार्ड आता मागाहून तर घातलेलं नाही ना, म्हणून त्याच वर्षाची आणखी सहा कार्डं मागवली. बाईंनी निमूटपणे आणून दिली आणि म्हणाल्या, तुमच्यासारखंच भिंग लावून बघणाऱ्या एक बाई मागे येऊन गेल्या. त्यांनीही सहाच मागवली होती. खोक्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर तुझी सही होती. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

बाईंना सगळं लख्ख आठवत होतं. तू अख्खी दुपार त्या कार्डासमोर बसून होतीस म्हणे. निघताना विचारलंस, हा खोका आणखी कुणी मागवला होता का? त्या नाही म्हणाल्या. मग तू तो जसा होता तसा बांधून परत दिलास.

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात काय आलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मला वाटलं, ही दबा धरून बसलीय. हे कार्ड बाहेर काढलं की हिच्यावरचा चोरीचा डाग एका दिवसात धुऊन निघेल आणि माझं नाक कापलं जाईल, मग ही गप्प का? मोठ्या मोक्याची वाट बघतेय. मी घरी आले आणि दोन आठवडे त्या मोक्याची वाट पाहिली. मग एका सकाळी साखर तोलताना कळलं की मोका येऊन गेलाय. एकदा नाही, चांगले तीनदा. पुरस्कार झाला तो तू खोका पाहून गेल्यानंतर पाच महिन्यांनी. खुर्ची मिळाली ती त्याच्या पुढच्या वर्षी. आणि नव्या गटाशी मी जाहीर भांडत होते तेव्हा तर तुला फक्त एक ओळ लिहायची होती. तू लिहिली नाहीस. नववीचे पेपर तपासत राहिलीस आणि मला त्या खुर्चीत बसू दिलंस. मी ओट्याशी उभी राहून हमसून हमसून रडले. भावजी धावत आले. त्या दिवशी त्यांना दोन्ही कानांनी ऐकू आलं.

एक धंद्याचं सांगते, कारण हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही. खोटा होता तो आकडा. तुझी भूमिती खोटी ठरलेली नाही. मी ती गेल्या महिन्यात ओळीनं तपासली, खोट काढायच्याच इराद्यानं, आणि मला एकही खोट सापडली नाही. नव्या मोजणीत एवढा मोठा कल नाही हे खरं, पण त्याहून लहान नसेलच असं अजून कुणालाही म्हणता येत नाही. तुझी समीकरणं मंगळवारच्या पाच तासांखाली पुरून टाकायच्या लायकीची नाहीत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. आज सकाळी मी टपालात दोन पत्रं टाकून आले. एक आमच्या निबंधाबद्दल: निष्कर्ष चुकीचा आहे, चूक माझ्या एकटीच्या हातची आहे, तो मागे घ्यावा आणि खुर्चीवरून मला मोकळं करावं. दुसरं तुझ्या जुन्या संस्थेला: आठ वर्षांपूर्वीची ती निनावी तक्रार माझी होती, ती खोटी होती, आणि या वेळी खाली माझी सही आहे. दोन्ही आधी टाकली आणि मगच हे लिहायला बसले, कारण हे आधी लिहिलं असतं तर मी ती टाकली नसती. माझा माझ्यावर तेवढा भरवसा उरलेला नाही. हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून आजच पाठवतेय. माफ कर असं म्हणत नाही. तुला ते पत्र दाखवलं गेलं त्या संध्याकाळी तू मला फोन केला होतास. तुला बोलता येत नव्हतं इतकी रडत होतीस, आणि विचारत होतीस, ताई, माझं एवढं वाईट चिंतणारं कोण असेल गं? त्या पत्राची प्रत तेव्हा माझ्या समोरच टेबलावर होती. मी तिच्यावर हात ठेवला आणि तुला म्हणाले, रडू नकोस, मी आहे ना.

तुझीच म्हणवून घ्यायला आता तुझी परवानगी लागेल,
ताई